दिवा लागतो एवढ्यावरून

नायगावच्या ज्या चाळीत माझ्या आयुष्याची चाळीस वर्षे गेली, तिच्या जिन्याखाली एका तेलकट फळीवर साऱ्या बिऱ्हाडांचे विजेचे मीटर ओळीने बसवलेले होते. दसऱ्याच्या दिवशी कोणीतरी त्यांच्यावर झेंडूची एक माळ टाकून हळदीकुंकवाची बोटे उमटवी, आणि ती बोटे पुढल्या दसऱ्यापर्यंत तशीच राहत. दादरच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवीत असे आणि संध्याकाळी दोनचार होतकरू मुलांकडून घरी अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ वाचून घेत असे. परंतु प्रमाण म्हणजे काय, दुसऱ्याचा शब्द केव्हा मानावा आणि केव्हा मानू नये, हा जो त्या विषयाचा गाभा, तो मला अन्नंभट्टाकडून जितका कळला त्याहून अधिक त्या फळीकडून कळला, आणि तोही एका शेजारणीचा हात भाजल्यानंतर.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसे घरी बसली. आमच्या भागात घड्याळाचे काम स्प्रिंग मिलचा भोंगा करीत असे. तो थांबला तेव्हा कित्येक घरांतील सकाळच जणू हरवली. त्या घरी बसलेल्या माणसांत आमच्या खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ होते. सारी चाळ त्यांना अण्णा म्हणे. एका गिरणीच्या विद्युत खात्यात त्यांची वीसपंचवीस वर्षे गेली होती, आणि रिकामा हात त्यांना सोसत नसल्यामुळे संपाच्या पहिल्याच महिन्यापासून ते चाळीतील प्रत्येकाच्या घरची वीज पाहू लागले. मोबदला म्हणून चहा, फार तर दोन पोहे. परवानाधारक वायरमनला द्यायला त्या दिवसांत कोणाकडे पैसे होते? भाडे तुंबलेले, वाण्याची उधारी वाढत चाललेली; अशा वेळी पेचकस घेऊन आपणहून दारात उभा राहणारा मनुष्य देवासारखा वाटावा, यात नवल नव्हते.

अण्णांचे सल्ले ठरलेले असत. फ्यूज वारंवार उडतो अशी तक्रार आली की ते चिनी मातीचा फ्यूजधारक, म्हणजे किटकॅट, उपटून काढीत, त्यातील केसासारखी बारीक तार फेकून देत आणि त्या जागी जुन्या वायरीतील तांब्याचे पाचसहा पदर एकत्र पिळून बसवीत. ‘आता तुमचा नातू मोठा झाला तरी उडणार नाही,’ असे वर आश्वासन. ते आश्वासन शब्दशः खरे होते, आणि तेच त्याचे भय होते. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच अँपिअरच्या जागी पंधरा वाहू लागले तर उष्णता तिप्पट नव्हे, नऊपट होते, आणि जी ऊब त्या बारीक तारेने स्वतः वितळून संपवायची, ती मग लाकडी पट्टीवरून गेलेल्या, रबर तडकलेल्या वायरीला भिंतभर सोसावी लागते. प्लग नसला तर वायरीची उघडी टोके भोकांत घालून आगकाडीने दाबावीत, हा दुसरा सल्ला. बटण कोणत्याही तारेवर बसवले तरी दिवा विझतोच, मग फेज कोणती आणि न्यूट्रल कोणती याचा घोळ कशाला घालावा, हा तिसरा. दिवा खरोखरच विझे. फक्त बटण न्यूट्रलवर असेल तर विझलेल्या दिव्याचा होल्डर जिवंत राहतो, हे स्टुलावर चढून दिवा बदलणाऱ्याला कळायचे तेव्हा कळे.

चौथा सल्ला माझ्या वाट्याला आला. आम्ही एक जुना फ्रिज घेतला होता. त्याच्या तिसऱ्या पिनेचे काय करावे हे आमच्या खोलीतील दोन तारांच्या वायरिंगला ठाऊकच नव्हते, आणि ओल्या हाताने दार उघडले की बोटांना झिणझिण्या येत. अण्णांनी पाहिले, मान हलवली, आणि हिरव्या वायरीचा एक तुकडा फ्रिजच्या पाठीपासून मोरीतील पाण्याच्या नळापर्यंत नेऊन बांधला. ‘सर, लोखंडी पाइप जमिनीत जातो. याहून चांगली अर्थिंग सरकारसुद्धा देणार नाही.’ झिणझिण्या त्याच क्षणी थांबल्या. मी त्यांचे आभार मानले, मुलांना बोलावून पृथ्वी ही सर्वंसहा कशी, यावर दोन वाक्येही बोललो. शिक्षकाला मोह आवरत नाही.

दीड वर्ष काहीही झाले नाही. १९८३ च्या पावसाळ्यात मालकाच्या माणसांनी तळमजल्यावरचा गंजलेला नळ कापून मध्ये प्लास्टिकचा तुकडा बसवला. त्यांना आमच्या हिरव्या वायरीची वार्ता नव्हती, आणि आम्हांला त्या प्लास्टिकच्या तुकड्याची. पुढे एका दमट पहाटे फ्रिजच्या यंत्रातील आवरण कोठेतरी फाटले. जो प्रवाह लोखंडातून जमिनीत जायचा, तो जमिनीपर्यंत पोहोचू न शकल्यामुळे पाइपातच तुंबून राहिला, आणि मजल्याच्या सामाईक नळावर पितळी हंडा लावून उभ्या असलेल्या शेजारच्या वहिनींच्या ओल्या तळहातातून त्याने आपली वाट काढली. त्या मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या. बोटांच्या बेचक्यातील पांढरा व्रण मात्र अखेरपर्यंत राहिला. संक्रांतीला त्या तिळगूळ ठेवायला हात पुढे करीत तेव्हा तो मला दिसे.

फ्यूज का उडाला नाही, असे त्या सकाळी जो तो विचारीत होता. पदर पिळलेले होते हे खरे. परंतु फ्यूज अस्सल असता तरीही तो उडाला नसता, ही गोष्ट मला पुढे एका जाणत्याने समजावून सांगितली तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो. चाळीस वॅटचा एक साधा दिवा लावायला पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह लागतो, आणि त्याच्या काही अंशाने, म्हणजे अँपिअरच्या काही शतांशांनीच, माणसाच्या हृदयाची लय मोडू शकते. पाच अँपिअरच्या फ्यूजच्या लेखी एक माणूस म्हणजे एक लहानसा दिवा, त्याहून अधिक काही नाही. फ्यूज माणसाच्या रक्षणासाठी नसतोच. तो तारेच्या रक्षणासाठी असतो.

आता अण्णांचा विचार करू. न्यायसूत्रांनी शब्द हे प्रमाण मानले ते आप्ताच्या उपदेशापुरते, आणि आप्त कोणाला म्हणावे याची त्या सूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने जी चिकित्सा केली आहे ती मला भारतीय विचारातील अत्यंत उदार स्थळांपैकी एक वाटते; कारण हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू आहे असे तो स्वच्छ सांगतो, म्हणजे जन्म, वेष आणि सनद यांच्याकडे पाहत नाही. तो तीन गोष्टी मागतो: ज्या वस्तूविषयी बोलायचे ती वस्तू त्याने साक्षात जाणलेली असावी, ऐकणाऱ्यांविषयी त्याला दया असावी, आणि जसे आहे तसे सांगण्याची त्याला इच्छा असावी. अण्णांच्या ठायी दया होती, ती इतकी की आज मला तिची लाज वाटते; खरे सांगण्याची इच्छाही होती, कारण आपण सांगतो ते खरे आहे याविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पहिलीच अट तेवढी लंगडी होती. गिरणीतील मोटारी, तेथील भक्कम अर्थिंग, तेथील तपासण्या आणि हाताखालची माणसे यांच्यामध्ये ते निःसंशय आप्त होते. परंतु आप्तत्व हे अंगरख्यासारखे जेथे जाऊ तेथे आपल्याबरोबर येत नाही, आणि गिरणीच्या फाटकातून बाहेर पडताना अण्णांचे आप्तत्व फाटकाशीच राहिले, हे त्यांनाही कळले नाही आणि आम्हांलाही कळले नाही. अज्ञानी मनुष्याच्या वाईट सल्ल्यापासून आपण सहज वाचतो. जाणत्या माणसाचा, त्याच्या जाणतेपणाच्या सीमेबाहेर पडून, प्रेमाने दिलेला सल्ला हा मात्र घरात शिरतो आणि भिंतीत मुरतो.

यावर माझे एक सहशिक्षक, जे नायगावच्याच बीडीडी चाळींत, म्हणजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या बेचाळीस इमारतींपैकी एकीत, एकशेसाठ चौरस फुटांच्या खोलीत लहानाचे मोठे झाले होते, ते मला म्हणाले, ‘सर, तुमच्या आप्तापेक्षा आमच्या भगवंतांचा मार्ग सोपा आहे.’ केसपुत्त गावच्या कालामांना बुद्धाने दिलेला उपदेश त्यांच्या मनात होता: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः जाणून घ्या. मी त्यांना नम्रपणे म्हटले, की स्वानुभव तर मी घेतलाच होता. झिणझिण्या थांबल्या हा माझ्या स्वतःच्या बोटांचा दाखला होता. ते थोडा वेळ गप्प राहिले, कारण मनुष्य प्रामाणिक होता. आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत येऊन त्यांनी मला सांगितले की त्या उपदेशात आणखी एक अट आहे आणि लोक ती नेहमी गाळतात: ती गोष्ट जाणत्यांनी निंदिलेली आहे की वाखाणलेली, हेही पाहायचे असते. म्हणजे फिरून आम्ही दोघे त्याच दाराशी येऊन उभे राहिलो. जाणता कोणता, हे न जाणणाऱ्याने कसे ओळखावे?

नैयायिकांचे उत्तर असे की ज्ञानाची सत्यता ज्ञानाबाहेरच्या गोष्टीवरून, मुख्यतः त्याला अनुसरून केलेल्या प्रवृत्तीच्या यशावरून ठरवावी. दुरून पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तर ते पाण्याचे ज्ञान खरे. मीमांसक याच्या उलट, ज्ञान उपजतच प्रमाण असते, बाधक पुढे आले तरच ते मोडावे, असे मानतात. वर्षानुवर्षे मी हा वाद मुलांना पाठ म्हणून शिकवला आणि मनातून नैयायिकांच्या बाजूने राहिलो. परंतु वायरिंगचा प्रश्न या दोघांनाही पेचात धरतो. दिवा लागला, पंखा फिरला, झिणझिण्या गेल्या, म्हणजे प्रवृत्ती सफल झाली. बाधकही दीड वर्ष कोठे दिसले नाही. तरी जोडणी खोटी ती खोटीच. याचे कारण असे की आपण विजेकडून ज्या कामाची अपेक्षा करतो ते काम, आणि ज्या अनर्थापासून रक्षणाची अपेक्षा करतो तो अनर्थ, यांच्या वाटा निराळ्या आहेत. अर्थिंगच्या तारेतून निरोगी घरात काही वाहतच नाही, ती असली काय आणि नसली काय, दिव्याचा उजेड तसूभरही बदलत नाही. रोजच्या वापराने जी गोष्ट कधीच तपासली जात नाही, तिची सत्यता रोजच्या वापराच्या यशावरून ठरवणे हा तर्कशास्त्राच्या भाषेत व्यभिचारी हेतू झाला. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे म्हणणाऱ्यापुढे आमचे जुने तार्किक तापलेला लोखंडाचा गोळा ठेवीत, ज्यात अग्नी असतो परंतु धूर नसतो. आमचा फ्रिज दीड वर्ष तोच गोळा होता. वर थंडगार, पांढरा, आणि आत दुधाचे पातेले.

वहिनींच्या हाताविषयी चाळीत जे बोलले गेले तेही नोंदवून ठेवावेसे वाटते. बहुतेकांनी ‘भोग’ हा शब्द वापरला, आणि एका आजीबाईंनी तर पूर्वजन्मीच्या कोणत्याशा पाण्याच्या पापाची शक्यता बोलून दाखवली. कर्मसिद्धांताचा सारा डोलारा ज्या दोन आपत्ती टाळण्यासाठी उभा आहे त्या म्हणजे कृतनाश, केलेल्याचे फळ न मिळणे, आणि अकृताभ्यागम, न केलेल्याचे फळ पदरी पडणे; जग असे असूच शकत नाही, म्हणून पूर्वजन्म मानला पाहिजे, असा तो युक्तिवाद आहे. मी त्या सिद्धांताचा द्वेष्टा नाही. परंतु आमच्या मजल्यावर जे घडले ते पूर्वजन्मापर्यंत न जाताही दीड वर्ष मागे जाऊन शोधता येत होते: सल्ला अण्णांनी दिला, तो मी मानला, पाइप मालकाच्या माणसांनी कापला, आणि हात भाजला तिचा, जिने यांपैकी काहीच केले नव्हते. कारण हाताशी असताना प्रारब्धाचे नाव घेणे म्हणजे फाटलेल्या वायरीवर चिकटपट्टी गुंडाळणे होय. आतली तार उघडी ती उघडीच राहते. मीमांसकांचे अपूर्व, म्हणजे कर्म संपल्यावरही फळ येईपर्यंत अदृश्य रूपाने टिकणारी शक्ती, ही कल्पना मला पूर्वी फार ओढून आणलेली वाटे. ती हिरवी वायर पाहिल्यापासून तसे वाटत नाही.

आणि अण्णांचा दोष किती? बौद्धांच्या मते चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. त्या हिशेबाने अण्णा जवळजवळ निर्दोष सुटतात. त्यांच्याच उपालीच्या सुत्तात निर्ग्रंथांची, म्हणजे जैनांची, बाजू अशी मांडली आहे की काया, वाणी आणि मन यांत कायेने केलेलेच अधिक भारी; त्या हिशेबाने वायर ज्याच्या हाताने बांधली गेली त्याच्याकडे बोट जाते. माझा निवाडा असा की सर्वांत मोठा वाटा माझा होता, कारण प्रश्न विचारण्याची सवय हाच ज्याच्या पोटापाण्याचा व्यवसाय, त्याने एकही प्रश्न विचारला नाही. हा पाइप पुढे कोठे जातो, तो उद्या कोणी बदलला तर काय, तो आणखी कोणाच्या हाताला लागतो, एवढे तीन प्रश्न पुरे होते. फुकटच्या सल्ल्याला प्रश्न विचारणे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. पैसे मोजले असते तर मी बहुधा विचारले असते.

कायद्याने या कोड्याचे उत्तर आपल्यापरीने देऊन ठेवले होते. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांप्रमाणे घरातील वायरिंगचे काम, किरकोळ बदली सोडता, परवाना असलेल्यानेच करायचे, आणि नवी जोडणी देण्यापूर्वी वीज पुरवणाऱ्याने ती तपासायची असा दंडक होता. परवाना म्हणजे आप्तत्व नव्हे. परवाने खिशात बाळगून अण्णांहूनही वाईट काम करणारे मी पाहिले आहेत. तरीही त्या कागदामागची दृष्टी अचूक आहे, ती ही, की तपासणी दिवा लावून होत नाही. मेगर नावाचे यंत्र लावून तारेच्या आवरणावर मुद्दाम विजेचा मोठा दाब टाकतात आणि ते कोठे फुटते का हे पाहतात. जे रोज होत नाही तेच घडवून आणतात. जुन्या, चांगल्या वायरमनांची आणखी एक रीत मला फार मनोज्ञ वाटते. टेस्टर तारेला लावण्याआधी ते तो एखाद्या जिवंत असल्याची खात्री असलेल्या जागी लावून पाहतात, मग हव्या त्या तारेला लावतात, आणि पुन्हा त्या पहिल्या जागी. कारण टेस्टर पेटला नाही याचा अर्थ तार मेली असा होतो किंवा टेस्टर मेला असाही होतो. प्रमाणांना प्रमाण कोण, हा नागार्जुनाने नैयायिकांना घातलेला पेच आहे. दिवा जसा इतरांस आणि स्वतःसही प्रकाशित करतो तशी प्रमाणे, असे त्यावरचे प्रचलित उत्तर; नागार्जुनाने दिव्याचा हा दृष्टांतच उलथून टाकला, कारण दिव्यात मुळी अंधार नसतो, मग तो स्वतःचे काय उजळणार? त्या थोर वादात नायगावच्या एखाद्या पेचकसवाल्याला जागा मिळाली असती तर तो म्हणाला असता की आधी आणि नंतर, दोनदा पाहा, आणि मग हात लावा. प्रमाणाला पुन्हा प्रमाण लागत जाण्याची अनवस्था यानेही तुटत नाही, हे मला माहीत आहे. जीव वाचण्यापुरती तुटते.

चाळ पडली, टॉवर उभा राहिला, आणि आम्ही म्हातारा-म्हातारी अकराव्या मजल्यावर गेलो. तेथे एक वास्तुतज्ज्ञ शेजाऱ्यांना सांगत होते की विजेचा मुख्य फलक आग्नेयेलाच हवा, कारण वीज हे अग्नीचे रूप. मला निरुक्तकार यास्काची आठवण झाली. वेदांतील वैश्वानर म्हणजे वीज, सूर्य की भूमीवरचा अग्नी, या चर्चेत त्याने एक सूक्ष्म भेद टिपला आहे: आकाशातल्या विजेचे इंधन पाणी आणि घन पदार्थात ती शमते, इथला अग्नी मात्र पाण्याने शमतो आणि घन पदार्थावर पेटतो. विद्युत म्हणजे चुलीतला विस्तव नव्हे, हे ज्या माणसाने इतक्या शतकांपूर्वी जाणले, त्याच्या वंशजांनी तिला चुलीच्या कोपऱ्यात बसवावे याचे मला हसू आले. विजेच्या आगीवर पाणी ओतू नये, हे त्या तज्ज्ञांना ठाऊक असावे अशी आशा आहे.

अण्णा त्या प्रसंगानंतर बारा वर्षे जगले. वहिनींच्या दारात ते रोज संध्याकाळी येऊन उभे राहत, ‘हात कसा आहे?’ एवढेच विचारीत आणि परत फिरत. हात बरा झाल्यावरही कित्येक महिने हा नेम चालला. विजेच्या बाबतीत कोणी काही विचारले तर ‘परवानावाला बोलवा’ म्हणत, आणि तो येई तेव्हा त्याच्या मागे हात बांधून, शाळकरी मुलासारखे, पाहत राहत.

गेल्या पावसाळ्यात आमच्या नव्या घरातील ते विजेची गळती ओळखणारे यंत्र, ज्याला सारे ईएलसीबी म्हणतात, जे तीस मिलिअँपिअरचा फरक दिसताच सारी वीज तोडते, ते दोनतीनदा आपणहून पडले. समोरच्या फ्लॅटमधला मुलगा आला. चांगला मुलगा आहे, आमचे सिलिंडर तोच आत आणून देतो. पाहून म्हणाला, ‘आजोबा, हे उगाच पडत राहतं. बायपास करून देऊ का? आमच्याकडे केलंय. दोन वर्षं झाली, काही झालं नाही.’ मी त्याला बसवून चहा दिला, त्या यंत्रावर ‘टी’ लिहिलेले बटण कशासाठी आहे ते विचारले, आणि त्याला ठाऊक नव्हते म्हणून उठून ते दाबून दाखवले. खट् असा आवाज झाला. दिवे गेले, पंखा मंदावत मंदावत थांबला, फ्रिजची घरघर बंद पडली, आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अहो, भरल्या घरात अंधार कसला करता? पोळी तव्यावर आहे माझी.’